काचेवरची तारीख

मी पायदळाच्या एका पलटणीत क्लार्क म्हणून भरती झालो आणि सुभेदार होऊन निवृत्त झालो. क्लार्कच्या हातून रजेचे, बढतीचे, बदलीचे हजारो कागद जातात. एका जवानाच्या मरणोत्तर पदकाचे कागद मात्र मी आयुष्यात एकदाच केले. ते काम काँगोत, उत्तर किवू प्रांतात, आमची पलटण संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत असताना सुरू झालं आणि दीड वर्षाहून जास्त काळाने त्याच्या घरी संपलं. वर्तमानपत्रात शेवटचा फोटो तेवढा येतो. त्याआधीचं सगळं ज्यांनी केलं त्यांच्याजवळच राहतं, म्हणून लिहितोय.

त्याचं नाव लिहीत नाही. हुद्द्याने नाईक होता, तिशीच्या आतला, कमी बोलणारा. कंपनीतून ऑफिसात काही कागद पाठवायचा असला की तो स्वतः घेऊन यायचा आणि मी पोहोच दिल्याशिवाय हलायचा नाही.

त्या रात्री साडेअकराच्या आसपास गोमा शहरातल्या आपल्या फील्ड हॉस्पिटलमधून फोन आला. संध्याकाळी त्याच्या गस्तीवर गोळीबार झाला होता आणि त्याला गोळी लागली होती, एवढं आम्हाला ठाऊक होतं. अंधार पडलेला, ढग डोंगरावर उतरलेले, हेलिकॉप्टर उतरणं शक्य नव्हतं, म्हणून त्याला रस्त्याने आणलं होतं. डॉक्टरांनी वेळ सांगितली: २३:१०.

अशा वेळी क्लार्कसमोर पहिला कागद येतो तो नोटिकासचा. शांतिसेनेत कोणी मेला किंवा जखमी झाला की मिशनच्या मुख्यालयाला आणि तिथून न्यूयॉर्कला जो संदेश जातो, त्याला नोटिकास म्हणतात. नंबर, हुद्दा, नाव, देश, तारीख, वेळ, जागा, थोडक्यात घटना. हात थरथरत होते म्हणून मी प्रत्येक रकाना दोनदा वाचला. तारखेच्या रकान्यापाशी थांबलो. काँगोच्या त्या भागातलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. तिथे रात्रीचे अकरा दहा म्हणजे भारतात पहाटेचे दोन चाळीस. भारतात तारीख बदललेली होती.

अॅड्ज्युटंट साहेबांना, म्हणजे पलटणीच्या ऑफिसचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यांना, विचारलं. ते म्हणाले, "मिशनची वेळ, मिशनची तारीख. सगळ्या कागदांवर तीच." बरोबरच होतं. मी ती तारीख टाइप केली. तिचं पुढे काय होणार आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हतं.

दुसरा नियम गप्प राहण्याचा. घरच्यांना रीतसर कळेपर्यंत नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही. संयुक्त राष्ट्रंसुद्धा तोवर नाव जाहीर करत नाहीत. पण आज प्रत्येक जवानाच्या खिशात फोन आहे. सुभेदार मेजर साहेबांनी रात्रीच कंपन्यांना उठवून सांगितलं, की आज कोणी घरी फोन लावणार नाही. कोणी लावला नाही. त्याच्या घरी सकाळी सहाच्या सुमारास कळलं. मधल्या तीन तासांत ते घर नेहमीसारखं झोपलेलं होतं आणि इकडे आम्ही सगळे जागे होतो.

निरोपाची परेड मी फार सांगणार नाही. पेटीवर तिरंगा होता, शेजारी संयुक्त राष्ट्रांचा निळा झेंडा, वर त्याची निळी टोपी. दुसऱ्या देशांच्या तुकड्यांमधले अधिकारी आले होते. गस्तीबरोबर असलेला स्थानिक दुभाषा एका कोपऱ्यात उभा होता. परेड संपल्यावर तो आमच्यातल्या प्रत्येकासमोर जाऊन हात हातात घेऊन म्हणत होता, "पोले साना." स्वाहिलीत त्याचा अर्थ, फार वाईट वाटतं, तुमच्या दुःखात आहे. तो शब्द मला पुढे पुन्हा भेटणार होता.

पार्थिव घरी गेलं. त्यानंतर चौकश्या सुरू झाल्या. आपल्याकडची कोर्ट ऑफ इन्क्वायरी वेगळी, मिशनचं बोर्ड ऑफ इन्क्वायरी वेगळं. पुष्कळांना वाटतं, लढताना मेला त्याची कसली चौकशी? पण मृत्यू कोणत्या वर्गात बसतो यावर घरच्यांचं निवृत्तिवेतन ठरतं, भरपाई ठरते, पदकाची शिफारस उभी राहते. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारताना आपण निर्दय होतोय असं वाटतं. तरी ते नीट विचारावे लागतात. आज जे लिहून घेतलं नाही ते दोन वर्षांनी कोणाला आठवणार नाही, आणि त्याची किंमत घरच्यांना भरावी लागेल.

मग सीओ साहेबांनी, म्हणजे पलटणीच्या प्रमुखांनी, मला बोलावलं. शौर्य पदकासाठी शिफारस पाठवायची होती आणि सायटेशनचा पहिला मसुदा मी करायचा होता.

सायटेशन म्हणजे पदकाबरोबर वाचला जाणारा तो मजकूर. माझ्याकडे जुन्या सायटेशनची फाइल होती. तिच्या आधाराने मी एका रात्रीत मसुदा केला. त्यात अतुलनीय शौर्य होतं, अदम्य साहस होतं, स्वतःच्या प्राणांची पर्वा न करता होतं, सेनेच्या सर्वोच्च परंपरेला अनुसरून होतं. वाचून माझेच डोळे भरून आले होते.

सीओ साहेबांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "साहेब, यातलं कुठलं वाक्य दुसऱ्या कोणावर बसणार नाही?"

मी शोधलं. एकही नव्हतं.

"विशेषणं काढा आणि वेळ घाला. कुठे होता, किती मीटरवर, काय दिसत होतं, मग त्याने काय केलं. तो शूर होता हे वाचणाऱ्याला आपोआप कळलं पाहिजे, आपण सांगायचं नाही."

मी पुन्हा सुरुवात केली. वेळ घालायला बसलो तर वेळेचा मेळ लागेना. ड्रायव्हर म्हणत होता सहा वाजले असतील. एलएमजीवाला, म्हणजे हलक्या मशीनगनवरचा जवान, म्हणत होता सव्वासहा. दोघेही खरं बोलत होते. गोळ्या सुरू झाल्यावर घड्याळ कोण बघतं? शेवटी सिग्नलच्या पोरांकडून रेडिओचा लॉग आणला. त्यात गस्तीचा पहिला संदेश १७:५० ला होता. नाईकाला गोळी लागल्याचा १८:०५ ला. मदतीची तुकडी १८:४० ला पोहोचली. हॉस्पिटलच्या नोंदीत दाखल होण्याची वेळ २१:३०. या पाच वेळा, २३:१० धरून, मी एका कोऱ्या कागदावर उतरवून टेबलाच्या काचेखाली ठेवल्या. पुढचे महिनाभर तो कागद तिथेच होता.

घटना अशी. बाजाराचा दिवस होता. गस्त परतत होती आणि त्याच रस्त्याने बाजारातून घरी निघालेल्या बायका-पोरं चालली होती. डोंगराच्या अंगाने गोळीबार सुरू झाला. आपली गाडी आडवी लावून लोकांना तिच्या आडोशाला घेण्याचा हुकूम झाला. नाईक मोकळ्यावर उतरला आणि एकेकाला गाडीमागे आणू लागला. एक खेप झाली. दुसऱ्या खेपेला तो दुभाष्याला आणायला गेला, कारण दुभाषा दोन पोरांना घेऊन रस्त्याकडेच्या चरात पडून होता. पोरं आली, दुभाषा आला. नाईकाला गाडीपासून सात-आठ पावलांवर गोळी लागली.

जवानांच्या जबान्यांमध्ये सगळीकडे "दुश्मन" हा शब्द होता. मीही मसुद्यात शत्रू लिहिलं होतं. सीओ साहेबांनी तो शब्द खोडला आणि वर सशस्त्र गट असं लिहिलं. शांतिसेनेला शत्रू नसतो. आपण तिथे कोणाविरुद्ध लढायला गेलेलो नसतो, लोकांचं रक्षण करायला गेलेलो असतो. कागदावर हे बरोबर आहे, मला ते पटतंही. पण ज्या पोराने शेजारी पडलेला आपला नाईक पाहिला होता, त्याची जबानी वाचून दाखवताना "सशस्त्र गट" म्हणताना मला जड गेलं. तो काही बोलला नाही. सही केली आणि गेला.

या एका शब्दावर खूप काही ठरतं. आपल्याकडे शौर्य पदकांच्या दोन रांगा आहेत. शत्रूसमोर गाजवलेल्या शौर्यासाठी परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र. शत्रूसमोर नसलेल्या शौर्यासाठी अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र. याच काँगोत, दक्षिणेकडच्या कटांगात, ५ डिसेंबर १९६१ रोजी गोरखा रायफल्सचे कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांनी सोळा जवान घेऊन नव्वदजणांच्या नाकेबंदीवर हल्ला केला आणि मानेला गोळी लागूनही शेवटपर्यंत लढत राहिले. वय सव्वीस वर्षं. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या कामगिरीवर असताना परमवीर चक्र मिळालेले ते एकमेव. म्हणजे तेव्हा निळ्या टोपीखालच्या सैनिकासमोर शत्रू होता, असं देशाने मानलं होतं. आमच्या वेळी तो सशस्त्र गट होता. मी वाद घालत नाही. आमची लढाई त्यांच्याएवढी मोठी नव्हतीच. पण जो जातो त्याला गोळी दोन्ही शब्दांत सारखीच लागते, हे मला त्या रात्री टाइपरायटरइतक्या जुन्या माझ्या संगणकासमोर बसून फार जाणवलं.

सगळ्यात शेवटी दुभाष्याची जबानी आली. तो बरेच दिवस बोलायच्या मनःस्थितीत नव्हता. मग एक दिवस स्वतःहून ऑफिसात आला. त्याचं स्वाहिली आणि फ्रेंच, आमचं इंग्रजी आणि हिंदी, अशा चार भाषांमधून वाट काढत ती जबानी झाली. त्याने सांगितलं, की नाईक बायकांना गाडीमागे नेताना ओरडत नव्हता. तो हात खाली-वर करत म्हणत होता, "पोले पोले." स्वाहिलीत याचा अर्थ हळूहळू, सावकाश. बाजारात फिरताना शिकलेल्या दहा-पंधरा शब्दांपैकी तो एक. पळाल्या तर बायका पडल्या असत्या, पोरं हातातून सुटली असती. दुभाषा म्हणाला, त्याच्या आवाजात घाई नव्हती म्हणून आम्ही घाबरून उघड्यावर पळालो नाही. गोळी लागली तेव्हाही तो तेच म्हणत होता.

मी ते मसुद्यात घातलं. सीओ साहेबांनी ते वाक्य ठेवायचा प्रयत्न केला. ब्रिगेडहून मसुदा परत आला तेव्हा ते गेलेलं होतं. सायटेशनला शब्दांची मर्यादा असते. दूर बसलेल्या मंडळाला काय झालं, किती जीव वाचले, धोका केवढा होता हे आधी कळावं लागतं. मला कारण समजतं. तरी ते वाक्य राहायला हवं होतं असं मला आजही वाटतं. दुसऱ्या कोणावरही न बसणारं असं तेच एक वाक्य होतं.

शिफारस शौर्य चक्राची होती. ती पलटणीतून ब्रिगेडला, तिथून वर, मग दिल्लीला. शौर्य पदकं २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला जाहीर होतात. यादी आली तेव्हा आम्ही परत मायदेशी आलो होतो. सेना पदकांच्या यादीत त्याचं नाव होतं, मरणोत्तर. मागितलं त्यापेक्षा एक पायरी खाली. पलटणीत काहीजण नाराज झाले. मी सुरुवातीला झालो. मग वाटलं, मंडळासमोर त्या वर्षी किती कागद असतील आणि प्रत्येक कागदामागे असंच कोणीतरी असेल. सैन्याच्या समारंभात त्याच्या पत्नीने ते स्वीकारलं. मजकूर लाउडस्पीकरवर वाचला गेला, ती चालत पुढे गेली, पदक हातात घेतलं, परत येऊन बसली. त्या पदकावर वर टोक करून उभी संगीन आहे आणि लाल फितीच्या मधोमध पांढरी रेघ आहे. ती पूर्ण वेळ त्या रेघेवरून बोट फिरवत होती.

आता दुसऱ्या पदकाबद्दल.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काम करताना जो जीव गमावतो, त्याला डाग हॅमरशोल्ड पदक देतात. हे पदक शौर्याचं नाही. गोळीने गेला, अपघातात गेला, आजाराने गेला, सगळ्यांना ते सारखंच. सैनिक, पोलीस, नागरी कर्मचारी, कोणीही असो. दरवर्षी मेच्या शेवटी, २९ मे या शांतिसैनिकांच्या दिवसाच्या निमित्ताने, न्यूयॉर्कमध्ये ती त्या त्या देशाच्या राजदूतांच्या हाती देतात आणि तिथून ती घरच्यांकडे येतात.

त्या वर्षीच्या यादीतला आमचा भाग पडताळणीसाठी आला आणि माझ्या पोटात गोळा उठला. नाव चुकलं होतं.

आपल्या बऱ्याच मराठी जवानांची नावं सैन्यात आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं अशी लागलेली असतात. याचंही तसंच होतं. पण बाहेरच्या फॉर्मवर शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, असं धरतात. त्यामुळे त्याच्या वडिलांचं नाव आडनाव झालं होतं आणि खरं आडनाव पहिलं नाव. त्यात भर म्हणजे स्पेलिंगमध्ये शेवटचं एक अक्षर जास्त. मी मूळ शोधत मागे गेलो. चूक न्यूयॉर्कची नव्हती, मिशनची नव्हती. जाण्याआधी आम्ही पाठवलेल्या नावांच्या यादीत ती होती, आणि त्या यादीवर खाली माझी लहान सही होती. कित्येक शे नावांची यादी, घाईत केलेली. त्याच्या ओळखपत्रावर वर्षभर तेच चुकीचं नाव होतं. तो कागदाची पोहोच घेतल्याशिवाय न हलणारा माणूस. त्याने कधी सांगितलं कसं नाही? कदाचित वाटलं असेल, परक्या देशात असंच चालत असेल.

ते पदक काचेचं असतं. नाव त्या काचेवर कोरतात. कोरलेलं पुसता येत नाही.

पुढचे काही आठवडे मी त्या एका कामामागे लागलो. रेकॉर्ड ऑफिसातून शीट रोलची, म्हणजे त्याच्या सेवेच्या मूळ नोंदीची, साक्षांकित प्रत आणली. त्याच्या पत्नीच्या आणि वडिलांच्या कागदांवर नाव कसं आहे ते तपासलं. तिथे आणखी एक तिसरंच स्पेलिंग निघालं, तेव्हा निवृत्तिवेतनासाठीही ते जुळवावं लागलं. त्यासाठी वेगळी प्रतिज्ञापत्रं, सेवेच्या नोंदीत बदल करणारे वेगळे पार्ट टू ऑर्डर. मग दिल्लीमार्फत दुरुस्तीचं पत्र. उत्तर येईपर्यंत रोज सकाळी मी आधी डाक बघायचो. दुरुस्ती झाल्याचा कागद आला त्या दिवशी मी ऑफिसातून उठून मंदिरात गेलो आणि बराच वेळ बसून राहिलो.

दरम्यान सीओ साहेबांनी आणखी एक काम दिलं. म्हणाले, पदक घरी नेताना ते काय आहे हे घरच्यांना त्यांच्या भाषेत सांगता आलं पाहिजे, मराठीत एक पान लिहा. ते लिहिण्यासाठी मी जेवढं वाचलं तेवढं नोकरीत कधी वाचलं नव्हतं. डाग हॅमरशोल्ड हे स्वीडनचे, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस. सप्टेंबर १९६१ मध्ये काँगोतला संघर्ष थांबवण्यासाठी बोलणी करायला निघाले असताना १८ तारखेला एनडोलाजवळ, म्हणजे आजच्या झांबियात, त्यांचं विमान पडलं आणि ते गेले. शांततेचं नोबेल त्यांना त्याच वर्षी मरणोत्तर मिळालं. ते गेले ते सलारियांच्या अडीच महिने आधी आणि काँगोतून फुटू पाहणाऱ्या त्याच कटांगाच्या प्रश्नात. सुरक्षा परिषदेने जुलै १९९७ मध्ये ११२१ क्रमांकाच्या ठरावाने हे पदक सुरू केलं. पहिल्या पदकांपैकी एक हॅमरशोल्ड यांचंच होतं आणि एक फ्रान्सच्या कमांडंट रेने द लाबारिएर यांचं. ते १९४८ मध्ये, पहिलं मिशन सुरू झालं त्याच वर्षी, गेले होते. म्हणजे त्यांच्या घरच्यांनी पन्नास वर्षं वाट पाहिली. आजवर चार हजारांहून जास्त लोक असे गेलेत आणि त्यात सर्वांत जास्त आपले आहेत.

शौर्यासाठी संयुक्त राष्ट्रांचं वेगळं पदकही आहे, असाधारण धैर्यासाठीचं. सेनेगलचे कॅप्टन म्बाये दियान यांच्या नावाचं. १९९४ च्या रुआंडातल्या नरसंहारात त्यांनी हाती शस्त्र नसताना शेकडो लोकांना नाक्यानाक्यांवरून पार नेलं आणि शेवटी त्यांचाच बळी गेला. ते पदक अगदी मोजक्यांना मिळतं. २०१९ मध्ये मलावीच्या प्रायव्हेट चान्सी चितेते यांना मरणोत्तर दिलं. आमच्याच प्रांतात, बेनीच्या बाजूला, टांझानियाच्या जखमी साथीदाराला वाचवताना ते गेले होते. चितेते यांच्याबद्दल वाचताना मी थांबलो. वेगळा देश, वेगळी पलटण, आणि तेच: दुसऱ्याला आणायला गेलेला माणूस.

पदक आलं. मी आणि एक तरुण कॅप्टन साहेब ते घेऊन त्याच्या घरी गेलो. पेटी मी स्वतः मांडीवर धरून नेली. मधे एकदा उघडून पुन्हा नाव वाचलं. अक्षर अक्षर बरोबर होतं.

ते पदक फितीला लटकत नाही, छातीवर लावता येत नाही. अंड्याच्या आकाराचा स्वच्छ काचेचा घट्ट गोळा असतो, तळहातात मावेल एवढा. त्यावर संयुक्त राष्ट्रांचं चिन्ह, शांततेच्या सेवेत अशा अर्थाचे इंग्रजी आणि फ्रेंच शब्द, आणि त्या माणसाचं नाव व तारीख. त्याच्या वडिलांनी ते हातात घेतलं आणि म्हणाले, "केवढं जड आहे." मग खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. मी माझं मराठीतलं पान वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते साहेब मोठे होते. त्यांना आणि माझ्या पोराला एकच पदक?"

"एकच, काका. सगळ्यांना हेच."

ते मान हलवत राहिले.

त्याची पत्नी तोवर बोलली नव्हती. तिने काच घेतली, नाव वाचलं, तारीख वाचली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "साहेब, तारीख चुकलीय."

क्षणभर मला काही सुचेना. नावाच्या मागे मी एवढा लागलो होतो, तारखेचा विचारच केला नव्हता. भिंतीवर त्याचा फोटो होता, त्याखाली तारीख रंगवलेली होती. ती काचेवरच्या तारखेच्या दुसऱ्या दिवसाची होती. घरात सगळे तोच दिवस पाळत होते. फोन त्या सकाळी आला होता, आणि तो पहाटे गेला एवढंच त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मी म्हणालो, "ताई, चुकली नाही. दोन्ही बरोबर आहेत." आणि समजावून सांगायला लागलो. तिकडे रात्रीचे अकरा दहा, इकडे पहाटेचे दोन चाळीस. ती ऐकत होती, पण माझ्या बोलण्याने तिचा गोंधळ वाढतोय हे दिसत होतं. मग मी डायरीतून तो जुना कागद काढला. पलटणीतून निवृत्त होताना टेबलाच्या काचेखालचा तो एवढाच कागद मी बरोबर घेणार होतो, हे मनाशी ठरलेलं होतं, म्हणून तो डायरीत होता. पाच वेळा लिहिलेला. मी त्याच्या शेजारी दुसरा रकाना ओढला आणि आपल्या वेळा लिहिल्या. १७:५०, आपले रात्रीचे नऊ वीस. १८:०५, नऊ पस्तीस. १८:४०, दहा दहा. २१:३०, रात्रीचा एक. २३:१०, दोन चाळीस.

ती कागदावर वाकली. "नऊ वीसला गोळ्या सुरू झाल्या?"

"हो."

"नऊ पस्तीसला लागली?"

"हो. पंधरा मिनिटं तो लोकांना आणत होता."

कॅप्टन साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मीही थांबलो नाही. सायटेशनमध्ये जे मावलं नव्हतं ते सगळं सांगितलं. बायका, पोरं, चर, दुभाषा. तो हात कसा खाली-वर करत होता ते करून दाखवलं. "पोले पोले" म्हणालो. त्याचा अर्थ सांगितला. त्याच्या वडिलांनी ते दोन शब्द पुटपुटत परत म्हणून पाहिले.

तिने विचारलं, "दहा दहा ते एक, तो शुद्धीत होता का?"

हॉस्पिटलच्या कागदांत याचं उत्तर होतं आणि मी ते वाचलेलं होतं. मी खरं तेच सांगितलं. "सुरुवातीला होता. गाडीत पाणी मागितलं होतं. नंतर नाही."

ती उठून आत गेली आणि पेन घेऊन आली. माझ्या दोन रकान्यांच्या पुढे तिने तिसरा ओढला. वर काही लिहिलं नाही. नऊ वीससमोर तिने लिहिलं, मुलाचा अभ्यास. नऊ पस्तीससमोर लिहिलं, त्याची वही आवरली. दहा दहासमोर, दिवा घालवला. एकसमोर बराच वेळ पेन टेकवून थांबली, मग लिहिलं, मूल उठलं, पाणी दिलं.

दोन चाळीससमोर तिने काही लिहिलं नाही. कागदाची घडी घालून तिने मला विचारलं, "हा मी ठेवू?"